तांबड्या औषधाचा हिशेब

पनवेल मागे टाकून पुण्याच्या जुन्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात पळस्पे येते. गाव तसे लहान. पण त्याच्या फाट्याला महाराष्ट्रात मोठे नाव आहे. येथून एक वाट घाट चढून देशावर जाते आणि दुसरी शिरढोण, कर्नाळा, पेण करीत कोकणात उतरते, ती थेट गोव्याला पोचते. गेली पस्तीस वर्षे मी या फाट्याच्या आसपास वैद्यकी करतो आहे. गणपतीच्या दिवसांत येथून चाकरमान्यांच्या गाड्या जातात आणि उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या येतात, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु बारा महिने तेरा काळ या रस्त्याने आणखी एक वाहतूक चालू असते आणि तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. एसटीच्या खिडकीशी बसलेले एखादे टक्कल पडलेले पोर, त्याच्या तोंडावर बांधलेला रुमाल, शेजारी आई, आणि आईच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत जिवापाड जपलेली कागदांची फाईल. ही मंडळी परळला निघालेली असतात. कोकणातल्या गावांत ‘पोराला टाटाला नेला’ एवढे म्हटले की पुढे काही विचारावयाचे नसते.

एके काळी हे वाक्य म्हणजे अर्धा मृत्युलेखच होता. आज तसे राहिलेले नाही. पुष्कळ पोरे याच रस्त्याने परत येतात, शाळेत जातात, नोकरीला लागतात, लग्ने करतात. मला सांगावयाचा आहे तो इतिहास या परत आलेल्यांचा आहे. रोग गेला, केस उगवले, पेढे वाटून झाले. आणि त्यानंतर दहा-वीस वर्षांनी त्यांच्या हृदयाचे काय होते, हे वैद्यकाला केव्हा व कसे उमगले, याचा हा वृत्तांत आहे.

प्रारंभ थोडा मागून करावा लागतो. १९३१ साली सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पैशाला तोटा नव्हता, विलायतेतले वैद्य हाताशी होते. पण त्या काळी या रोगावर औषधच नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी उभा राहिला, दोराबजीही त्याच वर्षी गेले, आणि त्यांच्या विश्वस्तनिधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे टाटा रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळेचे पहिले प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांच्याच पुढाकाराने १९५२ साली शेजारी कर्करोग संशोधन केंद्र निघाले. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी याच केंद्रात पेशींचे संवर्धन करण्याची प्रयोगशाळा उभी केली. हे संशोधन केंद्र पुढे २००२ साली परळ सोडून खारघरला, म्हणजे आमच्याच पनवेल तालुक्यात, राहावयास आले. पळस्प्यापासून ते वीस किलोमीटरांच्या आत आहे. त्याच्याकडे शेवटी यावयाचे आहे.

लहान मुलांच्या ल्यूकीमियाला पहिला धक्का दिला तो बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी. १९४८ साली त्यांनी सोळा मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी दहा मुलांचा रोग काही काळ मागे हटला. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आले तिचे सूत्रधार आपल्याकडचे, आंध्रातल्या भीमावरमचे, यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आणि ते त्याच वर्षी वारले. त्या दहांपैकी कोणाचेही बरे होणे टिकले नाही. तथापि, हा रोग औषधाने हटतो, एवढे एकदा सिद्ध झाल्यावर जगभर औषधांचा शोध सुरू झाला.

आणि शोध कोठे सुरू झाला, तर मातीत. पेनिसिलिन बुरशीत सापडले होते, स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या सूक्ष्म जंतूंत. तेव्हा पन्नास-साठच्या दशकांत औषधांच्या कंपन्यांची माणसे जगभरच्या माती पुड्यांत बांधून आणीत होती. इटलीच्या दक्षिण भागात अपुलिया नावाचा प्रांत आहे. तेथे कास्तेल देल मोन्ते हा सम्राट फ्रेडरिक दुसरा याने तेराव्या शतकात बांधलेला अष्टकोनी किल्ला उभा आहे. आमच्या कर्नाळ्याच्या पायथ्याची माती कोणी उकरून न्यावी, तशी मिलानच्या फार्मितालिया कंपनीने या किल्ल्याजवळची माती नेली. तिच्यातल्या एका जंतूने लालभडक रंग धरला होता. त्या रंगद्रव्यात कर्करोगाच्या पेशी मारण्याची शक्ती निघाली. नेमक्या त्याच सुमारास फ्रान्समध्येही हेच द्रव्य दुसऱ्या एका जंतूपासून हाती आले. अपुलियात पूर्वी डौनी नावाचे लोक राहत. त्यांचे नाव आणि माणकाचा फ्रेंच शब्द एकत्र करून औषधाला डॉनोरुबिसिन म्हणू लागले. पुढे १९६९ साली त्याच जंतूच्या एका बदललेल्या वाणापासून डॉक्सोरुबिसिन मिळाले आणि जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याचे व्यापारी नाव ॲड्रियामायसिन पडले. (शास्त्रज्ञांना नावे ठेवण्याची हौस दांडगी, एवढेच म्हणतो.)

कोकमाच्या आगळासारखे हे औषध शिरेतून जाते आणि दुसऱ्या दिवशी लघवी तांबडी होते. आया घाबरतात, मुलांना मौज वाटते. रक्ताचा कर्करोग, लसिका-ग्रंथींचा कर्करोग, हाडांचे, मूत्रपिंडाचे कर्करोग अशा मुलांच्या कितीतरी रोगांवर या कुळातली औषधे आजही दिली जातात. त्यांच्यावाचून यातली पुष्कळ पोरे वाचली नसती, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. नाहीतर पुढचे वाचून एखादी आई ‘हे औषध नको’ म्हणावयाची, आणि ते पाप माझ्या माथी यावयाचे.

हृदयाची कुरबुर लवकरच कानावर आली. १९६७ साली न्यूयॉर्कच्या डॉ. शार्लट टॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉनोरुबिसिन दिलेल्या मुलांविषयी लिहिले. त्यात काही मुलांच्या हृदयावर आघात झाल्याचे नमूद आहे. १९७३ पर्यंत डॉक्सोरुबिसिनसंबंधी असे ठरले की, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला एकूण ५५० मिलिग्रॅमच्या पलीकडे जाऊ नये. १९७९ साली डॅनियल व्हॉन हॉफ यांनी चार हजारांवर रुग्णांचे कागद तपासून त्याला आकड्यांचा आधार दिला. एकूण मात्रा ४०० असेल तर शंभरांत तिघांचे हृदय थकते, ५५० असेल तर सातांचे, आणि ७०० झाली तर अठरांचे. पुढे २००३ साली हाच हिशेब पुन्हा मांडला गेला तेव्हा ५५० ला शंभरांत सात नव्हे, तर सव्वीस निघाले. तो पुढचा भाग. त्या वेळी मात्र सर्वांना हायसे वाटले. एक रेघ सापडली होती. रेघेच्या अलीकडे राहावे म्हणजे हृदय सुरक्षित, असा समज रूढ झाला.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्यांचे कागद तपासले, त्यांतले बहुतेक मोठ्या वयाचे होते आणि त्यांचा पाठपुरावा महिन्यांचा होता, दशकांचा नव्हता. मुलांना पुढे पन्नास-साठ वर्षे जगावयाचे होते, आणि इतकी वर्षे जगलेले मूल तोवर जगात कोठेच नव्हते. जो माणूस अजून जन्माला आलेला नाही त्याची पत्रिका मांडण्यासारखेच ते होते.

आपल्याकडे तर ती वेळ आणखी उशिरा आली. सत्तरच्या दशकात भारतातल्या मोठ्या कर्करोग रुग्णालयांतही या रोगाच्या शंभर मुलांपैकी वीसदेखील रोगमुक्त राहत नसत. १९८४ पासून मुंबईचे टाटा, दिल्लीचे एम्स आणि मद्रासचे कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील इअन मॅग्राथ यांच्या साह्याने एकच उपचारपद्धती ठरवली. तिचे नाव एमसीपी ८४१. तिच्यामुळे, आणि संसर्ग व रक्तस्राव यांची काळजी अधिक चांगली घेतली जाऊ लागल्यामुळे, चार वर्षांनंतर रोगमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण पंचेचाळीस ते साठ टक्क्यांपर्यंत पोचले. हिंदुस्थानात प्रथमच ‘बरी झालेली मुले’ नावाचा एक वर्ग निर्माण झाला.

मग आले १९९१ साल. या इतिहासात मला हे वर्ष फार मोलाचे वाटते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये बॉस्टनचे स्टीव्हन लिपशुल्ट्झ व त्यांचे सहकारी यांचा लेख प्रसिद्ध झाला. ल्यूकीमियातून बरी झालेली ११५ मुले त्यांनी पुन्हा बोलावून घेतली होती. कोणाला औषध संपून एक वर्ष झाले होते, कोणाला पंधरा. यांतली बहुतेक मुले खेळत होती, बागडत होती. पण हृदयाची तपासणी केली तेव्हा शंभरांत सत्तावन्न जणांच्या हृदयाच्या आकुंचनात किंवा त्यावर पडणाऱ्या भारात दोष आढळला. अकरा जणांना उपचारानंतर वर्षाच्या आत हृदय थकल्याचा त्रास झाला होता व तो शमला होता. त्यांपैकी पाच जणांना तो काही वर्षांनी उलटला. एकाच्या बाबतीत तर दहा वर्षांनी. दोघांना दुसरे हृदय बसवावे लागले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या डॉ. लॉरेल स्टाइनहर्झ यांनी २०१ जणांची अशीच तपासणी प्रसिद्ध केली. उपचार संपून चार ते वीस वर्षे झालेल्या या मंडळींत दोष असलेले तेवीस टक्के निघाले.

हे घडते कसे, ते समजून घेण्याजोगे आहे. हृदयाच्या स्नायूच्या पेशी जन्मानंतर जवळजवळ वाढत नाहीत. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ साली अणुबाँबच्या चाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बनचा माग काढून असे दाखवले की, पंचविशीतल्या माणसाच्या हृदयात वर्षाला शेकडा एखादीच पेशी नवी येते. तांबडे औषध कर्करोगाच्या पेशींतील गुणसूत्रांची गुंडाळी सोडवणाऱ्या एका द्रव्याला अडवते आणि त्या पेशी मरतात. हृदयाच्या पेशींत त्या द्रव्याचा एक सख्खा भाऊ असतो, तोही या झटापटीत सापडतो. काही पेशी मरतात. उरलेल्या पेशी फुगून काम भागवतात. पाच वर्षांच्या मुलाला तेवढे पुरते. पण मूल वाढते. दहा खांबांवर उभारलेले घर सात खांबांवर राहिले आणि वर मजला चढवला, असे होते. भिंत पातळच राहते, शरीर मोठे होते, आणि प्रत्येक ठोक्याला त्या पातळ भिंतीवर ताण अधिक पडतो. म्हणूनच जी रेघ मोठ्यांसाठी ओढली होती ती पोरांसाठी निरुपयोगी ठरली. फार लहान वयात औषध घेतलेली मुले आणि त्यांतही मुली यांना धोका अधिक, हेही पुढे १९९५ साली स्पष्ट झाले. छातीवर किरणोपचार झाले असतील तर त्यात आणखी भर पडते. किरणांनी हृदयाच्या रक्तवाहिन्या व झडपाही बिघडतात.

या लेखाच्या महिनाभर आधी, फेब्रुवारी १९९१ मध्ये, परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी एक निराळाच दवाखाना सुरू केला होता. त्याचे नाव ‘आफ्टर कम्प्लीशन ऑफ थेरपी’, म्हणजे उपचार संपल्यानंतरचा. आद्याक्षरांवरून त्याला ॲक्ट क्लिनिक म्हणतात. उपचार संपून दोन वर्षे झाली व रोग उलटला नाही, की मुलाने येथे यावयाचे. आजारी म्हणून नव्हे. वाढ नीट होते का, शाळा कशी चालली आहे, वयात येताना काही अडचण आहे का, आणि हृदय कसे आहे, हे पाहण्यासाठी. भारतात असा दवाखाना पहिलाच. ज्या इस्पितळाच्या दारात रोज नवे रोगी रांग लावून उभे, पायरीवर झोपलेले, तेथे बऱ्या झालेल्यांसाठी वेगळी वेळ राखणे ही त्या काळी चैन वाटली असणार. माझ्या मते बालकर्करोगाच्या आपल्याकडील इतिहासात एमसीपी ८४१ च्या खालोखाल मान याच दवाखान्याचा आहे. लहानपणीच्या कर्करोगातून वाचलेल्यांची अमेरिकेतली मोठी पाहणी १९९४ साली सुरू झाली, हे पाहिले म्हणजे परळची तारीख किती आधीची आहे ते कळते. त्या अमेरिकन पाहणीतून २००९ साली निघालेला निष्कर्ष असा की, हृदय थकण्याची शक्यता या लोकांत त्यांच्या सख्ख्या भावंडांच्या जवळजवळ सहापट असते.

आता ही गोष्ट खेड्यापर्यंत कशी पोचते, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एक तरुण मुलगी सासूबरोबर माझ्याकडे आली. सहावा महिना होता. पाय सुजलेले, जिना चढताना धाप, आणि आडवे झाले की गुदमरल्यासारखे होऊन उठून बसावे लागे. गरोदरपणात असे थोडेफार व्हावयाचेच, असे घरातल्या जाणत्या बायकांचे मत होते. पंडुरोगाचा संशय यावा तसा आला, पण रक्त बरे निघाले. नाडी मात्र जलद होती आणि फुफ्फुसांच्या तळाशी बारीक करकर ऐकू येत होती. मी त्याच दिवशी तिला पनवेलला हृदयतज्ज्ञांकडे धाडले. दुसऱ्या दिवशी तिची आई कोकणातून पहाटेच्या गाडीने एकटीच दवाखान्यात आली. दार लोटून घेऊन म्हणाली, “काका, लहानपणी तिला रक्ताचा झाला होता. चार वर्षांची होती. अडीच वर्षं मुंबईला नेली-आणली. सासरी बोललो नाय आम्ही. बरी झाली होती ना ती! मग कशाला सांगायचं?”

मी तिला दोष देणार नाही. कर्करोग झालेल्या मुलीला कोण स्थळ सांगून येणार? कागद तिने जाळले नव्हते, एवढे नशीब. पत्र्याच्या ट्रंकेत मुलीच्या बारशाच्या कुंचीखाली ते ठेवलेले होते. फाईलच्या शेवटच्या पानावर कोणा तरुण डॉक्टराने स्वच्छ अक्षरात तांबड्या औषधाच्या सगळ्या मात्रांची बेरीज मांडून ठेवली होती. बस्स, तेवढी एक ओळ! ती फोनवर वाचून दाखवताच पनवेलचे डॉक्टर म्हणाले, “आता उलगडा झाला.” हृदय एका ठोक्याला आत आलेल्या रक्तापैकी किती रक्त बाहेर फेकते याचे प्रमाण एरवी पंचावन्नच्या वर असते, तिचे पस्तीस होते. बाळंतपण मुंबईत, हृदयाच्या डॉक्टरांच्या देखत झाले. आई आणि मूल दोघेही सुखरूप आहेत. तिला गोळ्या जन्मभर घ्यावयाच्या आहेत. गुपित अर्थातच फुटले. सासूबाई मला एवढेच म्हणाल्या, “आधी कळलं असतं तर मी तिला पाण्याचे हंडे उचलू दिले असते का?” यावर मला काही बोलता आले नाही.

हृदयाची ही जी तपासणी, तिचा जन्मही मोठा चमत्कारिक आहे. स्वीडनमधल्या लुंड येथे इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. तेथेच हेलमुथ हर्ट्झ हे तरुण पदार्थवैज्ञानिक काम करीत. जहाजांच्या लोखंडी पत्र्यांत कोठे चीर आहे का, हे माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी तपासण्याचे एक यंत्र माल्मोच्या गोदीत होते. हर्ट्झ यांनी ते पाहिले. आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी या दोघांनी तसल्याच यंत्राने धडधडणाऱ्या हृदयाच्या भिंतीचा प्रतिध्वनी टिपला. जहाजाची चीर शोधणारे यंत्र हृदयाची चीर शोधू लागले. आज गल्लोगल्ली फलकांवर ‘टू-डी इको’ म्हणून लिहिलेले असते, ते याच कुळातले. सुई नाही, किरण नाहीत, दुखत नाही. तथापि त्याचीही मर्यादा आहे. रक्त फेकण्याचे प्रमाण घसरलेले दिसते तोवर स्नायूचे बरेच नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून अलीकडे स्नायूचा एकेक ठिपका ठोक्यागणिक किती आखडतो हे मोजतात; तो बदल आधी कळतो.

कोणाची तपासणी किती वर्षांनी करावी यावर बराच वाद झाला. २०२३ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय सूचनेनुसार एकूण मात्रा २५० किंवा अधिक असेल तर दर दोन वर्षांनी, १०० ते २५० च्या दरम्यान असेल तर दर पाच वर्षांनी इको करावा. १०० च्या आत असेल आणि छातीवर किरण नसतील तर नियमित तपासणीची गरज नाही. मात्रा ठाऊक असलेल्या बाईने गरोदर राहण्याआधी किंवा राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांत हृदय पाहून घ्यावे. येथे वाचकांच्या ध्यानात आले असेल की, या सगळ्या सूचनांची किल्ली एका आकड्यात आहे. यंत्र पनवेलला आहे, पेणला आहे, महाडलाही मिळेल. आकडा मात्र फाईलीत आहे, आणि फाईल ट्रंकेत. आकडा नसेल तर कोणते हृदय केव्हा पाहावे हे कोणालाच सांगता येत नाही.

आणि पाहून उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग आहे, पण बढाई मारण्याजोगा नाही. एनालाप्रिल नावाच्या रक्तदाबाच्या गोळीने अशा मुलांच्या हृदयाला सहा ते दहा वर्षे आधार मिळतो, मग तो ओसरतो, असे २००२ साली लिपशुल्ट्झ यांनीच नोंदवले. औषध देतानाच हृदयाला कवच घालणारे डेक्स्राझोक्सेन हे दुसरे औषध आहे. ते घेतलेल्या मुलांच्या रक्तात हृदयाच्या दुखापतीची खूण २१ टक्क्यांत आढळली, न घेतलेल्यांत ५० टक्क्यांत, हा निष्कर्ष २००४ चा. त्याने दुसरा कर्करोग होईल अशा भीतीने युरोपने ते मुलांना देण्यावर २०११ मध्ये बंदी घातली व २०१७ मध्ये ती सैल केली. आम्हां गावच्या वैद्यांच्या हाती सर्वांत स्वस्त साधन निराळेच आहे. अशा माणसाचा रक्तदाब वाढू दिला तर हृदय थकण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, असे सिद्ध झाले आहे. रक्तदाब मोजण्याचा पट्टा माझ्या टेबलावर पस्तीस वर्षे पडून आहे. तो बांधावयास पैसे लागत नाहीत. पण कोणाच्या दंडाला तो अगत्याने बांधावयाचा हे कळण्यासाठी त्या माणसाने तोंड उघडले पाहिजे.

तोंड उघडण्याची ही गोष्ट इस्पितळाच्या हातची नाही. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने २००९ साली ‘उगम’ नावाचा गट निघाला. त्यात लहानपणी कर्करोगातून बरे झालेले तरुण-तरुणी आहेत. आपण बरे झालो हे ते चारचौघांत सांगतात. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या आयांना ते दिसतात. अशा एखाद्या उंच, मिशा फुटलेल्या मुलाला पाहून आईच्या चेहऱ्यावर जे येते, ते माझ्या गोळ्यांनी यावयाचे नाही. तरीही परळहून बरा होऊन कोकणात गेलेला मुलगा दहा वर्षांनी तपासणीला परत येतो का? गाडीभाडे, बुडालेला रोज, आणि ‘बरा आहे की, कशाला जायचं?’ ही समजूत, एवढे पार करून जो येतो तोच कागदावर राहतो. दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उपचार चालू असताना मुक्काम मिळतो. बरे झाल्यावर मुक्काम आपल्या गावी असतो आणि तेथे आठवण करून देणारे कोणी नसते.

खारघरचे केंद्र आता नुसते संशोधनाचे राहिलेले नाही. तेथे मुलांवर उपचारही होतात. शेजारीच प्रोटॉन किरणांचे यंत्र आले आहे. हे किरण ठरलेल्या खोलीवर थांबतात. पाठीच्या कण्यावर सोडले असता त्यांचा पुढे हृदयाकडे फारसा जाच होत नाही. पूर्वीच्या किरणांना ती शिस्त नव्हती. आज तेथे किरण घेणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या मुलांची हृदये वीस वर्षांनी कशी असतील, हे १९९१ च्या मुलांसारखेच त्यांना परत बोलावून पाहावे लागेल.

मी माझ्यापुरती एक रीत पाडली आहे. परळहून किंवा खारघरहून मूल परत आले की त्याच्या आईकडून फाईल मागून घेतो आणि शेवटची बेरीज माझ्या वहीत उतरवून ठेवतो; औषधाचे नाव, एकूण मात्रा, छातीवर किरण झाले असल्यास त्यांचे माप, शेवटच्या मात्रेची तारीख. पुढल्या रकान्यात पुढचा इको केव्हा ते लिहितो. तारीख आली की फोन करतो. मुलींच्या बाबतीत लग्नाची पत्रिका आली, की फोन आधी आईला जातो.